कुठली गिल्ड जॉइन करू? सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

गिल्ड म्हणजे ऑनलाइन गेममध्ये कायम एकत्र खेळणाऱ्या लोकांचा गट. ती कशी निवडायची याबद्दल नवीन लोक हे प्रश्न रोज विचारतात आणि विचारायलाच पाहिजेत, कारण गिल्ड चुकली की चांगला गेमसुद्धा लोक महिन्याभरात सोडून देतात आणि गिल्ड जमली की साध्यासुध्या गेममध्येही वर्षानुवर्षं रमतात. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय. उदाहरणं वेगवेगळ्या गेमची आहेत, तुमचा गेम यात नसेल तरी बरंचसं लागू पडेल.

गिल्ड घ्यायलाच हवी का? एकट्यानं खेळलं तर काय बिघडतं?

काहीच बिघडत नाही. आता बहुतेक गेममध्ये डन्जनसाठी (थोड्या जणांनी मिळून लढायच्या छोट्या मोहिमेसाठी) आपोआप ग्रुप मिळतो, स्टोरी तर एकट्यानंच होते. पण पुढे एक टप्पा येतो जिथं रँडम लोकांबरोबर काम होत नाही. रेड म्हणजे मोठ्या ग्रुपनं मिळून बलाढ्य शत्रू, म्हणजे बॉस, मारायची मोहीम. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची अवघड पातळीची मिथिक रेड २० जणांची, फायनल फँटसी फोर्टीनची तशीच अवघड सॅव्हेज ८ जणांची, डेस्टिनी टूची रेड ६ जणांची, आणि या लढायांमध्ये एक जण चुकीच्या जागी उभा राहिला तरी सगळेच्या सगळे मरतात, त्यामुळं तीच माणसं आठवडोन्‌आठवडे एकत्र खेळली तरच जमतं. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये क्लॅनच (तिथली गिल्ड) नसेल तर क्लॅन कॅसलमध्ये सैन्य कोण टाकणार आणि वॉर कुठून खेळणार. तुम्हाला नुसतं फिरायला, स्टोरी बघायला आवडत असेल तर घाई करू नका. ज्या दिवशी "हे करायचंय पण माणसंच नाहीत" असं वाटेल त्या दिवशी शोधायला लागा.

गिल्ड, क्लॅन, फ्री कंपनी, कॉर्पोरेशन हे सगळं एकच ना?

ढोबळमानानं हो. वॉरक्राफ्टमध्ये गिल्ड, क्लॅश ऑफ क्लॅन्स आणि डेस्टिनीमध्ये क्लॅन, फायनल फँटसी फोर्टीनमध्ये फ्री कंपनी, ईव्ह ऑनलाइनमध्ये कॉर्पोरेशन, आणि अशा बऱ्याच कॉर्पोरेशन मिळून अलायन्स. फरक पडतो तो जबाबदारीत. ईव्हमध्ये कॉर्पोरेशन तुमच्या कमाईवर टॅक्स लावू शकते आणि तिचं युद्ध म्हणजे तुमचंही युद्ध, तर फायनल फँटसीमधली फ्री कंपनी नुसती गप्पा मारायलाही असू शकते. जॉइन करण्याआधी आपल्या गेममध्ये गिल्डला तुमच्याकडून काय काय घेता येतं तेवढं बघून घ्या. टॅक्स, डोनेशन, वॉरमधली हजेरी, सगळं आलं त्यात.

शोधायला सुरुवात कुठून करू?

स्वतःपासून. लोक आधी गिल्डची लिस्ट उघडतात, टॉपची नावं बघतात आणि धडाधड रिक्वेस्ट टाकतात, आणि मग पंधरा दिवसांनी कळतं की त्यांची रेड सुरू होते तेव्हा आपण झोपलेलो असतो. आधी स्वतःला विचारा की मी खरंच कधी खेळते किंवा खेळतो. मनातलं आदर्श वेळापत्रक नको, गेल्या महिन्यात प्रत्यक्षात कधी लॉगइन केलं ते आठवा. आठवड्यातल्या किती रात्री दोन-तीन तास न उठता बसता येईल? मधेच फोन आला, घरात कोणी हाक मारली तर उठावं लागतं का? मग मला काय करायचंय, रेड, पीव्हीपी (खेळाडू विरुद्ध खेळाडू), क्राफ्टिंग (वस्तू बनवणं), ट्रेडिंग, की नुसती सोबत? आणि माणसं कशी हवीत, शांत की धिंगाणा घालणारी?

हे कागदावर चार ओळीत लिहिलंत तरी निम्म्याहून जास्त गिल्ड आपोआप बाद होतात.

वेळेवर एवढा जोर का? थोडं ॲडजस्ट करता येत नाही का?

हाच मुद्दा मला सगळ्यात जास्त सांगायचाय. स्किल वाढतं, गियर (हत्यारं-चिलखतं) मिळतं, ओळखी होतात, पण तुमची मोकळी वेळ आणि गिल्डची जागी असायची वेळ जुळत नसेल तर बाकी काहीही असून उपयोग नाही. पाचशे मेंबरची गिल्ड असली आणि तुम्ही लॉगइन करता तेव्हा तिघंच ऑनलाइन असली तर तुमच्यासाठी ती तिघांचीच गिल्ड. उलट तीस जणांची छोटी गिल्ड असेल आणि तुमच्या वेळेला त्यातले दहा जण हमखास असतील तर ती तुमच्यासाठी कितीतरी मोठी.

जाहिरातीत लिहिलेली वेळ नीट वाचा. बऱ्याचदा ती सर्व्हर टाइममध्ये असते, तुमच्या घड्याळातली नसते, आणि ज्या देशांमध्ये मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घड्याळं पुढेमागे करतात तिथल्या गिल्डची रेड वर्षातून दोनदा तुमच्यासाठी तासभर सरकते. दुसऱ्या खंडातल्या गिल्डमध्ये जाणाऱ्यांच्या हे अजिबात लक्षात येत नाही. साप्ताहिक रीसेट (रेडची बक्षिसं नव्यानं मिळायला लागतात तो दिवस) कधी आहे तेही बघा, उदाहरणार्थ वॉरक्राफ्टचा अमेरिकेतल्या सर्व्हरवर मंगळवारी आणि युरोपात बुधवारी होतो, आणि बऱ्याच गिल्ड रीसेटनंतरच्या पहिल्या एक-दोन रात्री रेड ठेवतात. तुमची नेमकी त्याच रात्री गैरसोय असेल तर आधीच विचारा.

ॲडजस्ट करता येतं, पण एखाद दिवस. आठवड्यातून तीनदा झोप मोडून कोणी वर्षभर खेळत नाही, आणि खेळूही नये.

मोठी गिल्ड चांगली की छोटी?

मर्यादा प्रत्येक गेमची वेगळी आहे. वॉरक्राफ्टमध्ये १००० मेंबर बसतात, फायनल फँटसी फोर्टीनमध्ये ५१२, एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये ५००, अल्बियन ऑनलाइनमध्ये ३००, डेस्टिनी टूमध्ये १००, क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये ५०. पण वॉरक्राफ्टसारख्या गेममध्ये हा आकडा कॅरेक्टरचा असतो, माणसांचा नाही. एकेकाची पाच-सात अल्ट (जास्तीची कॅरेक्टर) असतात, वर्षभर न आलेले लोक लिस्टमध्ये तसेच पडून असतात. त्यामुळं "आमच्याकडे ८०० मेंबर" हे वाचून भारावून जाऊ नका, शेवटचं लॉगइन कधी ते बघा.

मोठ्या गिल्डमध्ये कधीही कोणीतरी सापडतं, मार्केट असतं, दोन-तीन रेड टीम असतात. छोट्या गिल्डमध्ये तुमचं नाव लोकांना माहीत असतं, दोन दिवस दिसला नाहीत तर कोणीतरी विचारतं. पण छोट्या गिल्डमधले दोन टँक (बॉसचा मार झेलणारे) एकाच आठवड्यात सुट्टीवर गेले की रेड बंद, हेही खरं.

काही गेम तर आकारावरून हिशोबच बदलतात. वॉरफ्रेममध्ये क्लॅनचे पाच टप्पे आहेत, घोस्ट १० जणांचा, शॅडो ३०, स्टॉर्म १००, माउंटन ३०० आणि मून १००० जणांचा, आणि रिसर्चचा (क्लॅननं मिळून नवीन हत्यारं वगैरे शोधायचा) खर्च त्याच प्रमाणात वाढत जातो, म्हणजे मून क्लॅनला घोस्टच्या शंभरपट सामान लागतं. तिथं मोठ्या क्लॅनमध्ये निम्मे लोक झोपलेले असतील तर सगळा भार उरलेल्यांवर येतो. उलट एल्डर स्क्रोल्समध्ये गिल्ड स्टोअर उघडायलाच किमान ५० मेंबर लागतात, त्यामुळं ट्रेडिंग करायचं असेल तर तिथं छोटी गिल्ड कामाचीच नाही.

कॅज्युअल, सेमी-हार्डकोअर, हार्डकोअर यात फरक काय?

ज्याची त्याची व्याख्या. एका गिल्डचं कॅज्युअल म्हणजे "वाटलं तर या", दुसरीचं म्हणजे आठवड्यात दोनच रात्री पण त्या दोन रात्री काहीही झालं तरी हजर. म्हणून त्या शब्दाकडे दुर्लक्ष करा आणि आकडे विचारा. किती रात्री, किती तास, किती हजेरी अपेक्षित, आला नाही तर काय होतं, आधी कळवलं तर चालतं का. ही उत्तरं मिळाली की ती गिल्ड स्वतःला काय म्हणवते याच्याशी तुम्हाला घेणंदेणं नाही.

जाहिरातीवरून गिल्डबद्दल काय कळतं?

बरंच कळतं, वाचता आलं पाहिजे. "सर्वांचं स्वागत, फ्रेंडली, ॲक्टिव्ह, सगळा कंटेंट करतो" एवढंच लिहिलेलं असेल तर काहीच लिहिलेलं नाही असं समजा. "बुधवार-रविवार, रात्री अमुक ते अमुक, एक हीलर हवाय, लूट कौन्सिल आहे, शिव्या चालत नाहीत" असं लिहिणाऱ्यांनी (हे शब्द पुढे समजावलेत) निदान विचार तरी केलाय.

एकाच वेळी सगळे रोल हवेत असं लिहिलं असेल, टँक पण हवा, हीलर (जखमा भरणारा) पण, डीपीएस (मारा करणारा) पण, तर एक तर गिल्ड नवीन आहे नाहीतर नुकतीच फुटलीय. दोन्ही वाईट नाही, पण विचारा. आणि तीच जाहिरात महिनोन्‌महिने तशीच फिरत असेल तर लोक येतात आणि टिकत नाहीत एवढा अर्थ नक्की.

जाहिरातीपेक्षा खरी माहिती बाहेर मिळते. वॉरक्राफ्टमध्ये असाल तर वॉरक्राफ्ट लॉग्स या साइटवर गिल्डचं पान उघडा, रेडच्या तारखा दिसतात. दर आठवड्याला आहेत का मधेच तीन आठवड्यांची पोकळी आहे, दोन महिन्यांपूर्वीची नावं आज दिसतात का सगळी बदललीत, हे पाच मिनिटांत कळतं. निम्मी टीम दर दोन महिन्यांनी बदलत असेल तर प्रोग्रेस कितीही भारी असो, आत काहीतरी धुमसतंय. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये मेंबर लिस्ट उघडून डोनेशन (कोणी कोणाला किती सैन्य दिलं) बघा. लीडर आणि को-लीडर स्वतः देतात की फक्त घेतात? वॉर लॉग सगळ्यांना दिसेल असा ठेवला असेल तर तोही चाळा, हरलेल्या वॉर असल्या तरी हरकत नाही, पण निम्म्या लोकांनी आपले दोन अटॅक केलेच नाहीत असं वारंवार होत असेल तर तो क्लॅन कागदावरच आहे.

लॉगइन केलं की लगेच कोणीतरी अनोळखी माणूस गिल्ड इन्व्हाइट पाठवतो. घेऊ का?

एक शब्द न बोलता आलेलं इन्व्हाइट असेल तर घेऊ नका. अशा बऱ्याच गिल्ड नुसते आकडे वाढवण्यासाठी असतात, कधी गिल्डला मेंबरच्या कमाईतून गोल्ड मिळतं म्हणून, कधी मोठी संख्या दाखवून गिल्ड दुसऱ्याच्या गळ्यात मारायची असते म्हणून. आत गेल्यावर चॅटमध्ये शुकशुकाट आणि तुम्ही हॅलो म्हटलं तर उत्तर नाही. पण समोरच्यानं आधी दोन ओळी लिहिल्या, तुमचं कॅरेक्टर बघून काहीतरी बोलला, डन्जन एकत्र खेळून झाल्यावर विचारलं, तर ते वेगळं. एकत्र खेळून मिळालेलं आमंत्रण हा गिल्ड शोधायचा सगळ्यात चांगला मार्ग आहे असं माझं मत आहे, कारण दोघांनीही एकमेकांना काम करताना बघितलेलं असतं.

अर्जात काय लिहू?

थोडक्यात आणि खरं. नाव-रोल-लेव्हल, कुठल्या दिवशी किती वाजता येऊ शकता, आत्तापर्यंत काय खेळलाय, इथंच का यावंसं वाटलं. अनुभव कमी असेल तर सरळ लिहा, "रेड कधी केली नाही, शिकायचंय, व्हिडिओ बघून येईन". चांगले लीडर अशा अर्जाला आधी उत्तर देतात. आणि येता येणार नाहीत ते दिवस पहिल्याच मेसेजमध्ये सांगा, नंतर सांगितलं की थाप मारल्यासारखं दिसतं.

ट्रायल म्हणजे काय? त्यात माझी परीक्षा असते का?

ट्रायल म्हणजे पक्कं मेंबर करण्याआधी काही दिवस बरोबर खेळून बघणं. परीक्षा दोघांची असते. गिल्ड तुम्हाला बघते तसं तुम्हीही गिल्डला बघायचं, हे लोक विसरतात. बघायचं काय, तर सगळं सुरळीत चालू असताना कोण कसं वागतं त्यावरून फार काही कळत नाही, हरल्यावर कसं वागतात ते बघा.

समजा बॉसची दोन टक्के हेल्थ राहिलीय आणि सगळे मेले. व्हॉइस चॅनलवर पुढच्या दहा सेकंदात काय ऐकू येतं तिकडे कान द्या. एका गिल्डमध्ये आधी एक "आई गं" येतं, मग कोणीतरी म्हणतं "माझ्यामुळं झालं, मी उशिरा हललो", रेड लीडर म्हणतो "ठीक आहे, दुसऱ्या फेजमध्ये डावीकडे जरा लवकर सरका, हीलर कूलडाउन शेवटच्या वीस सेकंदासाठी राखा, चला रन बॅक", आणि लोक परत निघालेसुद्धा. दुसऱ्या गिल्डमध्ये आधी शांतता, मग एक मोठा उसासा, मग "कोण होता तो?" आणि कोणीतरी डॅमेज मीटर (कोणी किती मारा केला त्याची यादी) चॅटमध्ये चिकटवतो, सगळ्यात खालचं नाव सगळ्यांना दिसेल असं. दोन्ही गिल्ड कदाचित तोच बॉस त्याच आठवड्यात मारतील, पण सहा महिन्यांनी दुसऱ्या गिल्डमध्ये कोण उरलेलं असेल ते सांगायला नको.

ट्रायलमध्ये अजून एक गोष्ट बघा, ज्या रात्री रेड नाही त्या रात्री चॅट कसा असतो. कोणी हॅलोला उत्तर देतं का, नवीन माणसानं साधा प्रश्न विचारला तर "गूगल कर" मिळतं की उत्तर, चार जणांचा एक जुना कंपू आपसातच बोलतो की बाकीच्यांनाही ओढून घेतो.

लूट कशी वाटतात हे आधी विचारायला लाज वाटते, लोभी वाटेन का?

अजिबात नाही, उलट विचाराच. गिल्डमधली सगळ्यात जास्त भांडणं लूटवरून (बॉस मारल्यावर मिळणाऱ्या वस्तूंवरून) होतात आणि ती सगळी "आम्हाला वाटलं होतं की" नं सुरू होतात. पद्धती बऱ्याच आहेत. साधा रोल, म्हणजे ज्याचा आकडा मोठा त्याला. डीकेपी, म्हणजे हजेरीचे आणि बॉसचे पॉइंट साठवायचे आणि लूटवर खर्च करायचे, ही पद्धत एव्हरक्वेस्टच्या काळातली, १९९९ च्या आसपासची, आणि अजूनही चालते. ईपीजीपी हा त्याचाच सुधारलेला प्रकार, मेहनत भागिले घेतलेली लूट. लूट कौन्सिल, म्हणजे ऑफिसर (गिल्ड चालवायला लीडरला मदत करणारे) मिळून ठरवतात कोणाला दिलं तर टीमचा सगळ्यात जास्त फायदा. सॉफ्ट रिझर्व्ह, म्हणजे प्रत्येकानं आधीच एक-दोन वस्तू नोंदवायच्या आणि रोल फक्त नोंदवलेल्यांमध्ये.

कौन्सिल चांगली की वाईट हे पूर्ण माणसांवर आहे. निर्णयाची कारणं उघड सांगत असतील आणि मागचा हिशोब सगळ्यांना दिसत असेल तर फार छान चालते, नाहीतर ऑफिसरच्या मित्रांना आधी मिळतं. वॉरक्राफ्टच्या रेडमध्ये काही वर्षं पर्सनल लूट (गेमच प्रत्येकाला त्याची त्याची वस्तू देतो) होती तेव्हा हा प्रश्न बराच मिटला होता, २०२२ मध्ये ड्रॅगनफ्लाइटबरोबर ग्रुप लूट (वस्तू सगळ्या ग्रुपला मिळून) परत आली आणि वाटायची पद्धत परत महत्त्वाची झाली. ट्रायलमधल्या माणसाला लूट मिळते का हेही विचारून ठेवा. बऱ्याच गिल्ड देत नाहीत आणि त्यात गैर काही नाही, आधी सांगितलेलं असलं म्हणजे झालं.

लीडर कसा आहे हे कसं ओळखायचं?

खेळण्यात किती भारी आहे ते फार महत्त्वाचं नाही. गिल्ड चालवणं म्हणजे नव्वद टक्के कंटाळवाणी कामं, कॅलेंडर लावणं, कोण येणार कोण नाही ते बघणं, बँक सांभाळणं, दोघांचं भांडण सोडवणं. ती कामं कोण करतं ते विचारा. सगळं एकच माणूस करत असेल तर तो थकला की गिल्ड संपली, हे इतक्यांदा होताना दिसतं की मी याला सगळ्यात मोठी धोक्याची खूण मानते. चार-पाच ऑफिसरमध्ये वाटून घेतलेलं असेल तर गिल्ड लीडरच्या सुट्टीतही चालते.

ही बारीक कामं किती महत्त्वाची असतात त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ईव्ह ऑनलाइनमधलं आहे. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर-फाइव्ह-आर-बी नावाच्या सिस्टिमची (गेममधल्या एका ताऱ्याच्या प्रदेशाची) मालकी टिकवण्यासाठी भरायचं बिल भरलं गेलं नाही, आणि त्यातून जे युद्ध पेटलं त्यात हजारो खेळाडू उतरले, ७५ टायटन जहाजं नष्ट झाली. त्याआधी २००९ मध्ये बँड ऑफ ब्रदर्स ही त्या गेममधली बलाढ्य अलायन्स बाहेरून कोणी हरवली नव्हती, त्यांचाच एक डायरेक्टर विरोधी गोटात गेला आणि त्यानं स्वतःच्या अधिकारात ती विसर्जित करून टाकली. तुमच्या गिल्डमध्ये एवढं काही होणार नाही, पण बँकेची चावी कोणाकडे आहे, कोण काय काढू शकतं, त्याची नोंद सगळ्यांना दिसते का, हे विचारणं रास्तच आहे. विशेषतः तुम्ही स्वतःचं सामान बँकेत टाकणार असाल तर.

माइक लागतोच का? मला बोलायला संकोच वाटतो.

रेडमध्ये ऐकणं बहुतेक ठिकाणी सक्तीचं असतं, बोलणं नाही. डिस्कॉर्डवर (बोलायच्या-चॅटच्या ॲपवर) येऊन म्यूट राहून ऐकणारे आणि चॅटमध्ये लिहिणारे कितीतरी लोक आहेत. टँक किंवा हीलर असाल तर दोन-चार शब्द बोलता आले तर सोपं जातं एवढंच. पहिल्यांदाच सांगून ठेवा की मी ऐकेन, हळूहळू बोलेन. यावरून चिडवणारी गिल्ड असेल तर बरं झालं लवकर कळलं.

मी मुलगी आहे, गिल्डमध्ये त्रास होईल का?

कुठं होतो, कुठं अजिबात होत नाही, आणि हा फरक ऑफिसर पाडतात. घाणेरडं बोलणारा एखादा कुठंही टपकतो. तो बोलल्यावर पुढं काय होतं ते बघायचं. ऑफिसर तिथल्या तिथं थांबवतो का, की सगळे "मस्करी आहे गं, मनावर घेऊ नको" म्हणतात? आधीपासून असलेल्या बायका-मुली मोकळेपणानं बोलताना दिसतात का, त्यातल्या कोणी ऑफिसर आहे का? शक्य असेल तर त्यांच्यातल्या एकीला वेगळा मेसेज करून सरळ विचारा, ती खरं सांगते.

आवाज ऐकव म्हणजे खरंच मुलगी आहेस का ते कळेल, फोटो पाठव, पर्सनल नंबर दे, असं कोणी म्हणालं तर त्या क्षणी बाहेर पडा. कारण द्यायची गरज नाही, निरोप घ्यायची गरज नाही. स्क्रीनशॉट ठेवा, गेममध्ये रिपोर्ट करा. तुम्ही कोण आहात, कुठं राहता, काय करता हे गिल्डला सांगणं तुमच्यावर अजिबात बंधनकारक नाही, आणि हे मुलामुलींना सगळ्यांनाच लागू आहे.

माझा मुलगा किंवा मुलगी गिल्ड जॉइन करायचं म्हणतेय. परवानगी देऊ का?

आधी गेमचं आणि व्हॉइस ॲपचं किमान वय बघा, डिस्कॉर्डचं बहुतेक देशांत १३ आहे. मग गिल्डमधले लोक किती वयाचे आहेत ते विचारा. बऱ्याच मोठ्यांच्या गिल्ड स्वतःच १८ च्या खालच्यांना घेत नाहीत, ते चांगलंच आहे. सुरुवातीचे काही दिवस हेडफोनऐवजी स्पीकरवर ऐकत बाजूला बसा. मुलांना बंदीपेक्षा एक गोष्ट पक्की शिकवा, गिल्डमधल्या कोणी "हे घरी सांगू नको" म्हटलं तर तेच पहिलं घरी सांगायचं.

अकाउंटची माहिती मागतात, देऊ का?

पासवर्ड किंवा ओटीपी कधीच कोणालाही नाही, लीडर असो नाहीतर जिवलग मित्र. "मी तुझा डेली (गेममधली रोजची कामं) करून देतो" हेसुद्धा नाही, अकाउंट शेअर केल्याबद्दल बऱ्याच गेममध्ये बॅन होतो. ईव्हसारख्या गेममध्ये कॉर्पोरेशन भरती करताना तुमच्या कॅरेक्टरची माहिती बघायची परवानगी मागतात आणि ते तिथं नेहमीचं आहे, पण ती परवानगी गेमच्या अधिकृत लॉगइन पानावरूनच दिली जाते आणि त्यात काय काय दिसणार याची यादी असते, ती वाचा. खरे पैसे मागणाऱ्या गिल्डपासून लांबच राहा. व्हॉइस सर्व्हरच्या खर्चासाठी स्वेच्छेनं वर्गणी काढतात ते ठीक, पण रँकसाठी किंवा लूटसाठी पैसे, नाही म्हणजे नाही.

मित्र एका गिल्डमध्ये आहे, पण दुसरी गिल्ड जास्त चांगली खेळते. कुठं जाऊ?

मित्राबरोबर खेळण्यासाठीच गेम उघडत असाल तर मित्राकडे. पण तुम्हाला रेड करायचीय आणि त्याला मासे पकडायचेत असं असेल तर वेगवेगळ्या गिल्डमध्ये राहूनही मैत्री टिकते. वॉरक्राफ्टमध्ये २०२३ पासून अलायन्स आणि होर्ड या तिथल्या दोन्ही बाजूंची कॅरेक्टर एका गिल्डमध्ये राहू शकतात, त्यामुळं तुम्ही दोघं वेगवेगळ्या बाजूचे असाल म्हणून वेगळं व्हावं लागायचे दिवस गेले.

आणि काही गेममध्ये निवड करायचीच गरज नसते. एल्डर स्क्रोल्समध्ये एका अकाउंटला पाच गिल्ड चालतात, त्यामुळं एक ट्रेडिंगची, एक डन्जनची, एक मित्रांची असं सगळे ठेवतात. गिल्ड वॉर्स टूमध्येही एकाहून जास्त गिल्ड चालतात, फक्त एका वेळी एकाच गिल्डचा टॅग नावापुढे लावता येतो. फायनल फँटसीमध्ये फ्री कंपनी एकच, पण गप्पांसाठी लिंकशेल (चॅटचे ग्रुप) बरेच असतात.

सोडायची वेळ आलीय हे कसं कळतं, आणि सोडू कशी?

रेडच्या दिवशी सकाळपासून जीवावर यायला लागलं, लॉगइन करण्याआधी "ऑफलाइन दिसेन ना" हे बघायला लागलात, तर विचार करायची वेळ झाली. एका वाईट रात्रीवरून ठरवू नका, चार-पाच आठवडे तसंच वाटत असेल तर ठरवा. आधी ऑफिसरशी बोलून बघा, कधी कधी नुसता रोल बदलून किंवा एक रात्र कमी करून सुटतं.

सोडायचंच असेल तर दोन ओळी लिहून सोडा, "वेळ जमत नाहीये, थँक्यू, भेटत राहू". चालू आठवड्याची रेड, नोंदवलेली वॉर पूर्ण करून मग जा, तुमच्या भरवशावर बाकीचे बसलेले असतात. बँकेतून उसनं घेतलेलं परत करा. चॅटमध्ये मोठं भाषण, कोणाकोणाचं काय चुकलं ते, नको. एकाच सर्व्हरवर लोक एकमेकांना वर्षानुवर्षं भेटत राहतात आणि पुढच्या गिल्डचा ऑफिसर आधीच्या गिल्डच्या ऑफिसरला विचारतोच. गेमचे नियमही बघून ठेवा, ईव्हमध्ये तुमच्याकडे कॉर्पोरेशनचे रोल असतील तर ते सोडल्यावर २४ तास थांबावं लागतं.

छळ होत असेल तर मात्र यातलं काहीही पाळायची गरज नाही, सरळ निघा.

मनासारखी सापडतच नाही. स्वतःचीच काढू का?

काढता येते, सोपी आहे, फायनल फँटसीमध्ये अजून तिघांच्या सह्या घेतल्या की झालं. पण मघाशी म्हटली ती सगळी कंटाळवाणी कामं आता तुमची. आधीपासून नियमित खेळणारी चार-पाच माणसं सोबत असतील तरच काढा, रिकामी गिल्ड काढून मग माणसं शोधणं फार जड जातं. सुरुवातीला दिवस आणि वेळ ठरवा आणि पहिले दोन-तीन महिने कोणी येवो न येवो त्या वेळेला तुम्ही स्वतः हजर राहा. लोकांना ते दिसतं.

अर्ज टाकून आठवडा झाला, उत्तरच नाही. परत विचारू का?

एकदा विचारा. ऑफिसर लोकांचेही नोकरी-अभ्यास असतात, मेसेज खाली जातो. गेममध्ये ऑनलाइन दिसले तर "अर्ज टाकलाय, वेळ मिळाला की बघाल का" एवढंच. त्यानंतरही काही आलं नाही तर पुढच्या गिल्डकडे वळा, आणि तोपर्यंत रँडम ग्रुपमध्ये ज्यांच्याबरोबर खेळताना मजा आली त्यांना फ्रेंड लिस्टमध्ये टाकत राहा, त्यांच्या नावापुढचा टॅग कुठला आहे तेही बघून ठेवा.